नाव घातलेली ताटं

मुलीचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत होतो. "बाबा, ते लोक रविवारी येतायत. संध्याकाळी, जेवायलाच. त्याच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना खाली बसता येत नाही. टेबलावर करा सगळं." मी म्हणालो, "बरं." मग ती म्हणाली, "आणि नीट मांडा, बाबा. आई मांडायची तसं." मी पुन्हा "बरं" म्हणालो. फोन ठेवला तोवर दूध उतू गेलं होतं. ओटा पुसता पुसता लक्षात आलं की आमच्या घरात जेवायचं टेबल नाही, कधीच नव्हतं.

'ते लोक' म्हणजे तिनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील. मुलगा पुण्याला तिच्याच ऑफिसात आहे. घर संगमनेरजवळच्या एका गावात, गायी आणि डाळिंबाची बाग. त्यांची जात वेगळी, आमची वेगळी. त्यावर दोन्हीकडे जे काय बोलायचं ते बोलून झालं होतं आणि मुलांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता राहिलं होतं ते एकमेकांच्या घरी जेवणं. आमचं घर केडगावात, एका गल्लीत. तिथं मी, शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेला हेडक्लार्क, एकटा राहतो. बायको जाऊन आता तीन वर्षं होतील.

बायको गेली तेव्हा दहाव्याला एक लांबच्या मावशी मुलीला पोटाशी धरून म्हणाल्या, "संपलं गं बाई तुझं माहेर." मी तिथंच उभा होतो, चांगला धडधाकट. म्हणजे मी कोण, भाडेकरू? तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. पण मावशींना खोटं पाडायचं तर काहीतरी करायला हवं होतं, आणि माझ्या हातून उलटंच होत गेलं. मुलगी घरी राहीनाशी झाली. यायची, पण सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळी परत जायची. का, ते मला माहीत होतं, पुढं सांगतो. तर त्या रविवारी पाहुण्यांवर छाप पाडावी एवढीच माझी काळजी नव्हती. या घरात अजून माहेर आहे, हे मला दाखवायचं होतं, आणि दाखवायचं होतं ते मुलीलाच.

"टेबल भाड्यानं मिळतं, बाबा, मी ऑनलाइन पैसे भरते. प्लेट्सही मागवू का?" असं ती दुसऱ्या दिवशीच्या फोनवर म्हणाली होती. मी नको म्हणालो. मुलीच्या पैशानं मुलीच्या सासरच्यांना जेवायला घालायचं म्हणजे हद्द झाली. तिच्या आईच्या आजारपणानंतर माझ्या पेन्शनीत हौस बसत नाही हेही खरं, पण ते मी तिला कशाला सांगू? घरात आहे त्यातूनच जमवायचं ठरवलं.

टेबलाला तिचं शाळेतलं अभ्यासाचं टेबल काढलं आणि बायकोचं शिलाई मशीन. मशीन आत घालून वरचं झाकण मिटलं की ते सपाट होतं. दोन्ही एकाला एक लावली, तर मशीन बोटभर उंच निघालं. टेबलाच्या पायांखाली पुठ्ठे घातले. मग एक पाय लंगडायला लागला, त्याच्याखाली आणखी पुठ्ठा, मग दुसरा, असं करता करता सकाळ गेली. वर घालायला चादर काढली, ती फुलाफुलांची. आत्ताच तिच्यावरून कुणी झोपून उठलंय असं वाटायचं. शेवटी कपाटात भाच्याच्या लग्नात मिळालेली धोतरजोडी सापडली, घडीसुद्धा न मोडलेली. मी कुठं धोतर नेसतोय! एक पान उलगडून टेबलावर घातलं आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. पांढरंशुभ्र, दोन्ही कडांना बारीक लाल काठ. हॉटेलवाल्यांनी झक मारावी. दुसऱ्या पानाचे रुमाल कापले आणि गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे कडा दुमडायला दिले. त्या म्हणाल्या, "धोतर कापलं व्हय काका?" मी म्हणालो, "कापड आहे."

इथवर मी खुशीत होतो. ताटं काढायला फडताळ उघडलं आणि खुशी संपली. आमच्या घरात दोन ताटं एकसारखी नाहीत. आम्ही ताट कधी विकत घेतलंच नाही, ती येत गेली. एक कुणाच्या लग्नातलं, एक वास्तुशांतीचं, एक मुंजीतलं. प्रत्येकावर नाव घातलेलं, कुणाकडून कुणाला सप्रेम भेट. एक पसरट, एक खोलगट, एकाला पोचा. चार ताटं मांडली तर चार माणसं चार वेगवेगळ्या कार्यांना जेवायला बसल्यासारखी दिसली असती. नगरला जाऊन भांड्यांच्या दुकानात नुसती चौकशी केली. दुकानदारानं चिनी मातीची एक प्लेट टिचकी मारून वाजवून दाखवली आणि सेटची किंमत सांगितली. मी "पुन्हा येतो" म्हणालो. तोही "या" म्हणाला, पण त्यानं तेवढ्यात प्लेट जागेवर ठेवलीसुद्धा होती.

परत येताना रिक्षात आठवलं. एकसारखी ताटं आहेत की! चांगली जड, गोल वळवलेल्या काठाची, आमच्या गल्लीत घरटी एक. मीच वाटलेली.

बायकोच्या वर्षश्राद्धाला मी तिच्या नावाची ताटं वाटली होती. आपल्याकडे कुणी तांब्या वाटतं, कुणी डबा. तिला लोकांना जेवायला घालायची हौस होती म्हणून मी ताट पसंत केलं. दुकानातच मशीननं नाव घालून देतात, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, ताटाच्या आत काठालगत. आधी 'कै. सौ.', मग तिचं नाव, मग 'यांच्या स्मरणार्थ'. मला वाटलं, चांगलं काम झालं. मुलगी आली, तिनं ताटांची चळत पाहिली आणि म्हणाली, "आईचं नाव ताटावर? लोक त्यात खरकटं टाकणार, बाबा. घासणीनं घासणार. चार वर्षांत पुसून जाईल ते नाव." मी म्हणालो, "लोक आठवण काढतील." ती म्हणाली, "भांडी घासताना?" तिच्या वाटणीचं ताट मी तिच्या पिशवीत घातलं. ते तिनं पिशवीतून काढून ओट्यावर ठेवलं आणि पुण्याची गाडी पकडली. सकाळी येऊन संध्याकाळी जाणं सुरू झालं ते तेव्हापासून. ताटं वाटण्यात काही चूक नव्हती असं मी अजूनही म्हणतो. फक्त तिच्यासमोर म्हणत नाही.

आणि आता तीच ताटं तिच्या सासरच्यांपुढं मांडायचं माझ्या डोक्यात आलं होतं. लग्नाची बोलणी, आणि ताटात 'कै.'! नाव घातलेल्या ताटांत वाढलं म्हणून पाहुण्यांनी नावं ठेवली असती ती ठेवली असती. पण मुलीनं पाहिलं तर ती काय करील? पुन्हा एकदा ओट्यावर ताट ठेवून निघून गेली तर ती परत कशाला येईल? पण एकसारखी दुसरी ताटं नव्हतीच. मग एक युक्ती सुचली. सगळ्या ताटांवर नाव एकाच जागी होतं. तिथं आमटीची वाटी ठेवली की झालं.

आपण दिलेली वस्तू मागायला जाण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. "जरा पाहुणे यायचेत, दोन दिवसांसाठी…" हे वाक्य मी घरातून पाठ करून निघालो. पहिल्या घरी काकूंनी स्टुलावर चढून माळ्यावरून ताट काढून दिलं, दुकानातल्या प्लास्टिकसकट. "एकदाही वापरलं नाही हो भाऊ, जपून ठेवलंय." नाव असं लखलखीत की कालच घातलंय. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझ्या मनात आलं, हे सगळ्यांत धोक्याचं. दुसऱ्या घरी वहिनी "आत आहे, आणते" म्हणाल्या आणि मागच्या अंगणात कुंडी उचलून तिच्याखालून ताट ओढताना मला खिडकीतून दिसल्या. घासून पुसून हसत आणून दिलं. मीही हसलो. घरी येऊन ते पुन्हा दोनदा घासलं आणि वहिनींशी मनातल्या मनात कडाकडा भांडलो. तिसऱ्या घरी ते गणपतीच्या नैवेद्याला राखून ठेवलेलं होतं.

चौथं ताट आमच्या समोरच्या भाडेकरूंकडचं. हे मिरजगावकडचं कुटुंब, वर्षश्राद्धानंतर इथं राहायला आलेलं. नवरा टेम्पो चालवतो, पदरी एक लहान मुलगी. माझ्या बायकोला त्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांच्याकडे ताट गेलं ते असं: माझ्या मुलीनं ओट्यावर ठेवून दिलेलं ते ताट मी फडताळात ठेवलं होतं. ते रोज दिसायचं आणि दिसलं की घास उतरायचा नाही. समोरच्या बाई एकदा सत्यनारायणासाठी ताट मागायला आल्या, तेव्हा मी तेच उचलून दिलं आणि म्हणालो, राहू द्या तुमच्याकडेच. आता त्यांनी ते परत आणून दिलं, तर मी उजेडाकडे धरून पाहिलं. नाव जवळजवळ गेलं होतं. इथं दोन ठिपके, तिथं तीन, बाकी गुळगुळीत. मुलगी म्हणाली होती तसंच, आणि त्याला चार वर्षंही लागली नव्हती. "उद्या जेवायच्या टायमाला लागंल बरं का काका," बाई म्हणाल्या. मी "हो हो" म्हणालो, पण माझं लक्ष ठिपक्यांकडे होतं.

रविवारी दुपारपासून मी टेबलाभोवती फिरत होतो. जेवण साधंच ठरवलं होतं. आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभात, विकतच्या चक्क्याचं घरी केलेलं श्रीखंड. पोळ्या तेवढ्या पोळी-भाजी केंद्रातून. ताट कसं वाढतात ते मी इतकी वर्षं पाहत आलो होतो, म्हणजे पाहिलं नव्हतंच, नुसता जेवलो होतो. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. असं पुटपुटत मी मीठ, लिंबू, चटणी वाढली, रिकाम्या वाट्या बरोबर नावांवर ठेवल्या आणि मोठ्या अभिमानानं खुर्चीत बसून पाहिलं, तर सगळं उलटं! मी समोरून उभा राहून वाढलं होतं. माझं डावं ते जेवणाऱ्याचं उजवं. चारही ताटं अर्धी फिरवली आणि पुन्हा प्रत्येक खुर्चीत बसून पाहिलं. नाव झाकलेलं होतं.

मग महिरप. धोतरावर रांगोळी काढता येईना, म्हणून बाजारात स्वस्तात मिळालेल्या शेवंतीच्या पाकळ्या प्रत्येक ताटाभोवती अर्धगोल लावल्या. इतकं देखणं दिसलं की मला बायकोला हाक मारावीशी वाटली. उकडत होतं म्हणून पंखा लावला, आणि सगळी महिरप भिंतीला जाऊन चिकटली. पंखा बंद केला, गुडघ्यांवर बसून पाकळ्या वेचल्या आणि पुन्हा लावल्या.

पाहुणे यायच्या आत मुलगी यायची होती, पण तिच्या गाडीला उशीर झाला. ती स्टँडवर उतरली आणि येता येता त्यांनीच तिला आपल्या गाडीत घेतलं, त्यामुळे मुलगा, त्याचे आईवडील आणि ही, सगळे एकदमच आले. दाराशी गाडीचा आवाज आला आणि माझा धीर सुटला. पाहुणे वाटी उचलतील किंवा न उचलतील, पण ही? ही लहानपणापासून आमटी वाटीला तोंड लावून पिते. मी घाईघाईनं तिच्या जागेवरचं ताट, ते कुंडीखालचं, उचलून आत ठेवलं आणि तिथं आमचं मुंजीतलं, पोचा आलेलं ताट मांडलं.

मुलाचे वडील उंचेपुरे, डोक्याला पांढरी टोपी. ते सावकाश खुर्चीत बसले, काठी भिंतीला टेकवली, टेबलावरून हात फिरवला आणि काठ बोटांत धरला. "धोतराचं पान हाय व्हय सर?" मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "आमच्या वडलांचं असंच हुतं, लाल काठाचं," असं म्हणून त्यांनी रुमाल मांडीवर पसरला. तोही धोतराचाच होता, पण ते काही बोलले नाहीत.

आई बारीक अंगाच्या, नजर तीक्ष्ण. म्हणूनच पुसट नावाचं ताट मी त्यांच्यापुढं ठेवलं होतं. नैवेद्याचं ताट वडिलांपुढं, आणि माळ्यावरचं लखलखीत मुलापुढं, कारण तरुण मुलं ताटात बघत नाहीत, मोबाईलमध्ये बघतात, असा माझा हिशेब. मी स्वतः मागून बसणार होतो. वाढायला कुणीतरी हवं होतंच, शिवाय मला पहारा द्यायचा होता. मी सगळं वाढलं, वाट्यांत आमटी ओतली आणि "करा सुरुवात" म्हणालो. तेवढ्यात मुलानं आपल्या ताटाकडे पाहिलं, मग मुलीच्या. "तुला पोचा आलेलं का?" असं म्हणून त्यानं आपलं ताट वाट्यांसकट तिच्यापुढं सरकवलं आणि तिचं स्वतःकडे ओढलं.

"नको, नको!" मी असा ओरडलो की वडिलांचा हात घासासकट तोंडापाशी थांबला. "पाहुण्यांना पोच्याचं कसं…"

"चालतंय की काका," मुलगा म्हणाला.

"आत्तापासूनच व्हय रं!" त्याची आई म्हणाली आणि सगळे हसले. मुलगी लाजली. लखलखीत नावाचं ताट आता माझ्या मुलीपुढं होतं.

त्यानंतरचं जेवण मला नीट आठवत नाही, फक्त आमटी आठवते. वाटी सरत आली की माणूस ती उचलतो. म्हणून कुणाचीही वाटी निम्मी झाली की मी वरून ओतत होतो. "असू द्या, उचलू नका, मी आहे ना!" मुलीची तर मी पाव कमी झाली की भरत होतो. "बास की ओ भाऊ," मुलाच्या आई म्हणाल्या, "आमटीच पाजायला बोलावलंय का आमाला?" पुन्हा सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं. त्यांना तो आग्रह वाटला. एवढा आग्रह मी उभ्या जन्मात कुणाला केला नव्हता, आणि त्यात मायेचा अंश नव्हता, नुसती भीती होती. मग त्या पदरानं वारा घेत म्हणाल्या, "फॅन लावा की." मी म्हणालो, "जरा बिघडलाय." मुलीनं उठून बटण दाबलं. पंखा फिरला, पाकळ्या उडाल्या, दोन श्रीखंडात पडल्या आणि एक तिच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या टोपीवर जाऊन बसली. ती त्यांना कुणी सांगितली नाही.

मसालेभात आणायला मी आत गेलो, तेवढाच वेळ. बाहेर आलो तर वाटी मुलीच्या हातात होती, ओठांना लावलेली, आणि डोळे खाली ताटात. मी होतो तिथंच थांबलो. आता ही उठेल असं वाटलं. उठेल, बॅग उचलेल आणि जाईल. तिची बॅग अजून दाराशीच होती, उघडलेलीसुद्धा नव्हती. मुलाचे वडील डाळिंबावरच्या रोगाबद्दल काहीतरी सांगत होते. तिनं वाटी खाली ठेवली आणि बोटानं जरा सरकवून बरोबर नावावर आणली. मग वर न बघता म्हणाली, "बाबा, भात."

मी वाढला. शितं धोतरावर सांडली. ती चिडली होती की नव्हती, मला कळेना. ती चारचौघांत चिडत नाही. ते तिच्या आईकडून आलंय. तिच्या आईचा राग सगळे गेल्यावर, भांडी घासताना बाहेर यायचा.

जेवणं झाली, सुपारी झाली. निघताना मुलगा वडिलांना आधार देऊन गाडीत बसवत होता, तेव्हा त्याच्या आई फाटकाशी माझ्याजवळ थांबल्या. "आता तुमी यायचं संगमनेरला. तारीख तिथं बसून काढू." मी मान हलवली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या ताटावरचं नाव काय वाचाया आलं न्हाई भाऊ. पार पुसलंय. लई जनं जेवल्यात वाटतं त्या ताटात." "आमी सासूबाईंच्या नावानं तांबे वाटले हुते. कुनी वापरत न्हाई, सगळे माळ्यावर," असं म्हणून त्या गाडीत जाऊन बसल्या. म्हणजे एवढी आमटी मी उगाचच ओतली होती.

आत आलो तर मुलगी ओट्याशी भांडी घासत होती.

"राहू दे, सकाळी बाई येतात," मी म्हणालो. घासणी तिनं बाजूला ठेवली होती, ताटं नुसत्या हातानं धूत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. सांगायला पुष्कळ वाक्यं तयार होती, त्यातलं एकच बाहेर आलं. "एकसारखी दुसरी नव्हती गं."

"हं," ती म्हणाली. मग नळ बंद करून, "माझी गाडी आहे थोड्या वेळानं."

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या बाई. "काका, आजीचं ताट मोकळं झालं का?"

आतून मुलीनं विचारलं, "कुठल्या आजीचं?"

"तुमच्या आईचं की ओ ताई. आमची बारकी लई रडाया लागली. दुसऱ्या ताटात जेवनारच न्हाई म्हनती, आजीचंच पायजे."

मुलगी हात पुसत बाहेर आली. "तिनं आईला पाहिलंय कधी?"

"आमी तरी कुठं बघितलंय! काकांनी दिलं तवा म्हनले, आमच्या घरातल्यांचं हाय. तवापासनं आजीचं ताट. त्यात वाढलं तरच जेवती."

मुलगी परत आत गेली. धुतलेली ताटं एकेक करून दिव्याखाली धरून बघायला लागली. मी मागून म्हणालो, "पुसट आहे ते." ते तिच्या हातात आलं. नाव होतं त्या जागेवरून तिनं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. आता ती म्हणणार, 'सांगितलं होतं ना तुम्हाला,' म्हणून मी वाट बघत राहिलो. ती म्हणाली, "हे लोक तर नंतर राहायला आले. यांच्याकडे कसं गेलं?"

"ते तुझं," मी म्हणालो. "तू ओट्यावर ठेवून गेलीस ते."

ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटतं ती रडत होती. मी तिच्या जवळ गेलो नाही, मला भीती वाटली. मग तिनं ताट कोरडं पुसलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आमच्या घरात तिच्या आईचं ठरलेलं. पोळी घेतली, भाजी घेतली, श्रीखंडाची वाटी ठेवली. मीठ, लिंबाची फोड, कोशिंबीर. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, विचारसुद्धा न करता. आमटीची वाटी मात्र तिनं जरा बाजूला ठेवली, नावाच्या जागेवर नाही. "मी देऊन येते," म्हणाली आणि त्या बाईंच्या मागोमाग गल्ली ओलांडून गेली.

मी कधी घड्याळाकडे बघत होतो, कधी दाराजवळच्या बॅगेकडे. समोरच्या घरातलं रडणं थांबलं. थोड्या वेळानं हसण्याचा आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही. तिच्या गाडीची वेळ झाली, होऊन गेली. जाऊन तिला आठवण करून द्यावी असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा मी खुर्चीतच बसून राहिलो.

ती आली ती हात हलवत. बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली आणि बाहेर येऊन टेबलावरच्या पाकळ्या गोळा करायला लागली.

"गाडी गेली," मी म्हणालो.

"माहितीये." पाकळ्या तिनं मुठीत घेतल्या. "ते ताट तिच्याकडेच राहू दे, बाबा. मी आले की मागून आणत जा. तेवढे दिवस ती दुसऱ्या ताटात जेवेल, मी विचारलंय तिला."

मला सगळं ऐकू आलं होतं. तरी मी म्हणालो, "काय म्हणालीस?" आणि तिनं ते पुन्हा सांगितलं.